कोकणच्या पावसातला स्टडचा बॅकरेस्ट : एका थंडरबर्डचे प्रकरण

हे प्रकरण रत्नागिरीतल्या एका ग्राहकाच्या रॉयल एन्फिल्ड थंडरबर्ड ३५० या गाडीचे आहे. २०१२ साली नव्या रूपात बाजारात आलेल्या आणि २०२० मध्ये बंद झालेल्या या थंडरबर्डला मागे बसणाऱ्यासाठी लहान बॅकरेस्ट, म्हणजे पाठ टेकायची गादी, कंपनीकडूनच मिळत असे. या ग्राहकाने तो काढून त्या जागी वाकवलेल्या स्टीलच्या नळीवर बसवलेला मोठा, गोलसर माथ्याचा बॅकरेस्ट लावून घेतला होता आणि एका दुकानातून त्यावर चकचकीत स्टड, म्हणजे धातूच्या घुमटीदार टिकल्या, बसवून घेतले होते. एक पावसाळा उलटल्यावर तो बॅकरेस्ट माझ्याकडे कोल्हापुरात आला. त्यांची मागणी दोन वाक्यांत सांगता येण्यासारखी होती : स्टड हवेतच, आणि गाडी कोकणातच चालणार आहे.

सीटच्या कामात स्टड हा सगळे झाल्यावर शेवटी चढवायचा दागिना मानला जातो. कव्हर शिवून ताणून बसवले की मग मोकळ्या जागेत स्टड ठोकायचे, अशी सर्वसाधारण रीत आहे. माझे मत याच्या अगदी उलट आहे. प्रत्येक स्टड म्हणजे कव्हरला पाडलेले एक भोक असते, आणि ते भोक कोठे पडणार, हे कातडे, अस्तर, फोम आणि लाकूड निवडण्याच्या आधी ठरले पाहिजे. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण एवढेच की त्यात ही गोष्ट एकाच वस्तूवर, दोन वेगवेगळ्या रीतींनी, समोरासमोर पाहायला मिळाली.

आला तेव्हाची अवस्था

बॅकरेस्ट ३०० मिलिमीटर रुंद, २६५ मिलिमीटर उंच आणि सुमारे ६५ मिलिमीटर जाड होता. आत साध्या प्लायवूडचा बेस, त्यावर फोम आणि वरून काळे रेक्झिन, अशी नेहमीची बांधणी होती. समोरच्या, म्हणजे मागे बसणाऱ्याची पाठ टेकते त्या बाजूवर स्टडचा चौकट आकार भरला होता आणि माथ्याच्या कडेने एक ओळ फिरवली होती. स्टड पायवाले होते. म्हणजे वरून घुमटी, खाली पत्र्याचे टोकदार पाय, ते पाय रेक्झिनमधून आत घालून मागच्या बाजूने वाकवायचे. लोहचुंबक लावताच तो खाडकन चिकटला, तेव्हा निकेलचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचा माल आहे हे उघड झाले.

लांबून पाहिले तर घुमट्या अजून चांगल्या चमकत होत्या. जवळून पाहिल्यावर मात्र प्रत्येक स्टडच्या खालच्या कडेपासून तपकिरी ओघळ उतरलेला दिसत होता. गंज वरून लागलेला नव्हता, तो आतून बाहेर आला होता. पाय वाकवताना वाकणाऱ्या जागी मुलाम्याला बारीक तडे जातात आणि पत्रा जिथे कापलेला असतो तिथे मुलामा मुळातच नसतो. ही दोन्ही ठिकाणे कव्हरच्या आत, ओल्या फोमला चिकटून राहतात. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तिथे गंज चढायला फार वेळ लागत नाही, आणि वरची घुमटी स्वच्छ पुसत राहणाऱ्या मालकाला तो ओघळ उतरेपर्यंत दिसतही नाही.

कव्हर उतरवल्यावर बाकीचे चित्र स्पष्ट झाले. फोम मुठीत दाबला तर पाणी निथळत होते. पाऊस थांबून बरेच दिवस झाले होते, तरी ही स्थिती होती, कारण वरून आत शिरलेल्या पाण्याला खालून बाहेर पडायला वाटच ठेवलेली नव्हती. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. अशा ठिकाणी उभ्या गाडीच्या बॅकरेस्टवर डझनावारी भोके म्हणजे फोममध्ये पाणी भरण्याची कायमची सोय झाली. प्लायचा खालचा काठ फुगून त्याचे पदर सुटले होते आणि स्टेपलच्या जागी फक्त तांबूस ठिपके उरले होते.

माथ्यावरचे रेक्झिन तर भोकांच्या ओळीने टपाल तिकिटासारखे फाटत गेले होते. रेक्झिन म्हणजे विणलेल्या कापडावर दिलेला पीव्हीसीचा थर असतो, ताकद त्या कापडात असते. पायवाला स्टड त्या कापडाचे धागे कापत आत जातो. सपाट ठिकाणी ते एक वेळ खपून जाते, पण माथ्याच्या गोलाईवर रेक्झिन सर्वांत जास्त ताणलेले असते. तिथे जवळजवळ ओळीने धागे कापले तर ताण पुढच्या भोकाकडे सरकतो आणि चीर एका स्टडकडून दुसऱ्याकडे चालत जाते. थंडरबर्डचे इंजिन ३४६ सीसीचे, एकाच सिलिंडरचे आणि ९० मिलिमीटरच्या लांब स्ट्रोकचे, म्हणजे पिस्टनच्या लांब धावेचे, आहे. त्याची थरथर उंच नळीच्या टोकावर बसलेल्या बॅकरेस्टपर्यंत पोहोचते आणि प्रत्येक पाय आपल्या भोकात सतत हलत राहतो. त्यामुळे भोके मोठी होत गेली, हेही फाटण्याचे एक कारण होते.

कोण बसते आणि कसे बसते

ग्राहकाने नमुना म्हणून हार्ले डेव्हिडसनच्या हेरिटेज सॉफ्टेल क्लासिकचे छायाचित्र दाखवले. या गाडीच्या सीटवर, बॅकरेस्टवर आणि चामडी पिशव्यांवर चंदेरी स्टड असत आणि अमेरिकी क्रूझरची जी प्रतिमा आपल्याकडे रूढ झाली तिच्यात या सजावटीचा मोठा वाटा आहे. ही सजावट मुळात तिकडच्या घोडेस्वारांच्या खोगिरांवरून मोटरसायकलवर आली. ती सुंदर आहे, आणि ती आपल्या गाडीवर असावी असे वाटणाऱ्या माणसाला मी कधीही परावृत्त करणार नाही. परंतु त्या गाडीवर मागचा माणूस दोन्हीकडे पाय टाकून, जाड जॅकेट घालून, पाठ सरळ टेकून बसतो, हे गृहीत धरून तिथली मांडणी केलेली असते.

या थंडरबर्डवर मागे बसणाऱ्या दोन व्यक्ती होत्या : ग्राहकाची पत्नी, जी बहुधा सलवार-कमीज आणि ओढणी घालून दोन्हीकडे पाय टाकून बसते, आणि त्याची आई, जी साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसते. मोजमापे घ्यायला मी दोघींनाही बोलावून घेतले होते. आईंनी बसल्या बसल्या सांगितले, “पाठीला नाही रे टोचत, दंडाला टोचतं. आणि पदर अडकतो तो वेगळाच.” तेवढ्या बोलण्यात या कामाचा अर्धा आराखडा होता.

आपल्याकडे एका बाजूला बसणारी बाई डावीकडे पाय सोडते. तिचे तोंड डावीकडे असते, म्हणून तिचे उजवे अंग चालवणाऱ्याकडे आणि डावे अंग बॅकरेस्टकडे येते. पाठ टेकण्यासाठी केलेल्या त्या गादीला तिचा डावा दंड आणि बरगडी टेकते. पदरही डाव्या खांद्यावरूनच मागे गेलेला असतो. म्हणजे पातळ, सळसळते आणि वाऱ्याने हलणारे कापड नेमके स्टडच्या समोर येऊन पडते. लोखंडी घुमटीची कड रेक्झिनपासून केसभर जरी उचललेली असली तरी जॉर्जेटचा धागा तिच्याखाली जातो. या बॅकरेस्टच्या डाव्या बाजूला तसे ओढले गेलेले रंगीत धागे अजून अडकून होते.

आईंच्या बसण्याकडे पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्या डाव्या हाताने बॅकरेस्टची कड घट्ट धरत होत्या, कारण धरायला दुसरे काही नव्हते. मोठा बॅकरेस्ट बसवताना कंपनीची हातपकड काढून टाकलेली होती, आणि दिसायला अडचण होते म्हणून साडी गार्डही उतरवले होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे मागे बसण्याची सोय असलेल्या मोटरसायकलला कायमची हातपकड, पाय ठेवण्याची सोय आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचे चाक किमान निम्मे झाकणारे संरक्षक साधन असावे लागते. या दोन्ही वस्तू परत बसवल्याशिवाय बॅकरेस्टच्या कामाला हात लावणार नाही, असे मी ग्राहकाला सांगितले आणि त्यांनी ते लगेच मान्य केले. खुद्द स्टडच्या बाबतीत कायद्याची अडचण नव्हती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांचा रोख नोंदणी प्रमाणपत्रातील आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलात फरक पाडणाऱ्या बदलांवर आहे. गादीवरच्या नक्षीने त्या तपशिलात काही फरक पडत नाही.

जागा, धातू आणि कातडे

पहिला निर्णय जागेचा होता. समोरच्या बाजूवर एकही स्टड ठेवायचा नाही, हे ठरले. ग्राहकाला सुरुवातीला हे पटले नाही, कारण छायाचित्रात चमक समोरूनही दिसत होती. पण गाडीवर कोणी बसलेले असताना समोरची बाजू कोणालाच दिसत नाही, आणि कोणी बसलेले नसताना ती उन्हात तापते. दुपारी उभ्या गाडीवरच्या धातूची उष्णता पातळ ब्लाउजमधून किंवा सुती शर्टमधून लगेच जाणवते. चमक खरी दिसते ती मागून येणाऱ्याला आणि बाजूने जाणाऱ्याला. म्हणून स्टड दोन ठिकाणी लावायचे ठरले : पूर्ण मागच्या बाजूवर, कमानीच्या आकाराने एक ओळ, आणि बाजूच्या पट्टीवर दुसरी ओळ. बाजूची पट्टी ६५ मिलिमीटर रुंद होती. त्यावरची ओळ मागच्या कडेपासून फक्त १५ मिलिमीटरवर घेतली, म्हणजे दंड आणि पदर येतो तो पुढचा ५० मिलिमीटरचा भाग पूर्ण मोकळा राहिला.

दुसरा निर्णय स्टडच्या जातीचा. पायवाले बाद झाले होते. स्क्रूचे स्टड काढ-घाल करायला सोयीचे असतात, पण या इंजिनाच्या थरथरीत ते सैल होतात आणि एखादा गळून पडला तर त्याचे भोक उघडे राहते. मी दोन्हीकडून टोपी असलेले रिव्हेट निवडले. यात एका टोपीची दांडी कातड्यातून आरपार जाते आणि मागच्या टोपीत ठोकून फुलवली जाते. दोन्ही टोप्या कातड्याला चिमटीत धरतात, त्यामुळे ताण एका धाग्यावर न येता टोपीच्या पूर्ण घेरावर पसरतो आणि भोकही दोन्ही बाजूंनी झाकले जाते. टोपी १० मिलिमीटर व्यासाची आणि शक्य तितकी बसकी घेतली.

धातूचा प्रश्न कोकणामुळे अवघड होता. स्टेनलेस स्टील हे सर्वांत टिकाऊ उत्तर वाटते, पण त्याची दांडी कठीण असते, ठोकताना नीट फुलत नाही आणि जोर लावला तर टोपी चेपते. उघडे पितळ मऊ असते, सुरेख बसते, पण ग्राहकाला चंदेरी रंग हवा होता. शेवटी भरीव पितळेवर निकेलचा मुलामा दिलेले रिव्हेट घेतले. मुलामा झिजला तरी खाली पितळ निघते, तांबूस ओघळ उतरत नाहीत. हा माल घेताना चुंबक बरोबर ठेवावा. पितळ म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटात लोखंडी दांडीचे रिव्हेट सर्रास मिसळलेले असतात, आणि टोपी पितळेची व दांडी लोखंडाची असेल तर ओल्या जागी लोखंडी दांडी आधी खाल्ली जाते.

कातड्याबद्दल ग्राहकाचा आग्रह वेगळाच होता. कोल्हापुरात काम होते आहे म्हटल्यावर कोल्हापुरी चपलेचेच, बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे वापरावे, अशी त्यांची इच्छा होती. हे कातडे मला मनापासून आवडते. त्यात पाडलेले भोक गोल आणि घट्ट राहते, कड घोटली की लाकडासारखी चमकते, आणि रिव्हेट बसवायला त्याच्यासारखी जमीन नाही. तरीही मी नकार दिला. वनस्पतींनी कमावलेले कातडे वारंवार भिजून वाळले की डाग धरते, कडक होते, मुरडते आणि दमट हवेत त्यावर बुरशी चढते. शिवाय कातड्यातील तेल आणि पितळ यांची गाठ पडली की पितळ कळकते आणि टोपीच्या कडेने हिरवा मेणचट थर येतो. मुलामा असला तरी दांडीच्या टोकाशी तो कधी ना कधी सुटतोच. चप्पल पावसाळ्यात काढून ठेवता येते. रोजच्या गाडीचा बॅकरेस्ट काढून ठेवला जात नाही. म्हणून मागची बाजू आणि बाजूची पट्टी क्रोमने कमावलेल्या, दोन मिलिमीटरहून थोड्या जाड म्हशीच्या कातड्याची केली. समोरची बाजू चांगल्या प्रतीच्या, ऊन-पाण्यासाठी केलेल्या रेक्झिनची, एकही भोक नसलेली ठेवली. दोन्हींच्या जोडावर पायपिंग, म्हणजे शिवणीत धरलेली गोल गोट, घेतले, म्हणजे फरक डोळ्याला खटकत नाही.

आखणी

या कामातला सर्वांत जास्त विचाराचा भाग आखणीचा होता. स्टडची ओळ डोळ्याला सरळ आणि सारखी दिसावी लागते. दोन मिलिमीटरचा फरकही चमकत्या टोप्यांच्या रांगेत लगेच ओळखू येतो.

बाजूच्या पट्टीवर पहिल्या स्टडच्या मध्यापासून शेवटच्या स्टडच्या मध्यापर्यंत कमानीची लांबी ७३६ मिलिमीटर भरली. मागच्या बाजूवरची ओळ कडेपासून २० मिलिमीटर आत घेतली होती, तिची लांबी ६७२ मिलिमीटर आली. १० मिलिमीटरच्या टोप्यांना मध्यापासून मध्यापर्यंत साधारण २२ मिलिमीटर अंतर शोभते. पण ६७२ ला २२ ने भागले तर साडेतीसच्या आसपास उत्तर येते, आणि तसेच रेटले तर शेवटच्या दोन स्टडमधले अंतर वेगळे पडते. कमानीच्या ऐन माथ्यावर एक स्टड यायलाच हवा, नाहीतर सगळी ओळ एका बाजूला कललेली वाटते. त्यासाठी अंतरांची संख्या सम पाहिजे. ३२ अंतरे घेतली तर आतल्या ओळीत बरोबर २१ मिलिमीटर आणि बाहेरच्या ओळीत बरोबर २३ मिलिमीटर अंतर येते. दोन्ही ओळींत ३३ स्टड, सतरावा माथ्यावर, आणि आतला प्रत्येक स्टड बाहेरच्या स्टडच्या समोर. बाहेरची ओळ वेगळ्या अंतराने आखली असती तर माथ्यावर जुळलेले स्टड बाजूंना येईपर्यंत एकमेकांपासून सरकले असते आणि गोलाईवर गोंधळ दिसला असता.

याच्याही आधी एक काळजी घ्यावी लागते, जी घाईच्या कामात हमखास सुटते. कव्हर टेबलावर सपाट पसरून भोके पाडली आणि मग ते फोमवर ताणले तर अंतरे बदलतात, आणि सगळीकडे सारखी बदलत नाहीत. कातडे पाठीच्या कण्याच्या दिशेने कमी ताणते आणि पोटाकडे, आडवे, जास्त ताणते. या कामात टेबलावर १०० मिलिमीटरची केलेली खूण माथ्यावर ताणल्यावर १०४ च्या आसपास गेली, बाजूंना मात्र जेमतेम १०१ झाली. तेवढ्या फरकाने आखलेली सगळी गणिते निरर्थक ठरली असती. म्हणून पट्टी कण्याची दिशा लांबीला येईल अशी कापली, शिवलेले कव्हर स्टेपल न मारता फोमवर चढवून, शेवटी जितके ताणायचे तितके ताणून दोऱ्यांनी बांधले आणि रात्रभर तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी ताणलेल्या कव्हरवरच, माथ्याच्या मध्यापासून दोन्हीकडे, कर्कटकाने खुणा केल्या. मग कव्हर उतरवून, त्या खुणांवर भोके पाडली. उतरवलेल्या कव्हरवर खुणा वेड्यावाकड्या दिसतात. त्या पाहून कोणाला पट्टी लावून सरळ करण्याचा मोह झाला तर तो आवरला पाहिजे.

मागच्या बाजूच्या खालच्या मध्यभागात नळीची पट्टी बोल्टने बसते. तिथे काहीही सजावट ठेवली नाही, कारण पट्टीखाली टोपी आली तर पट्टी सपाट टेकत नाही आणि बोल्ट कितीही आवळले तरी बॅकरेस्ट डुलत राहतो. ग्राहकाच्या मनात तिथे एक मोठे गोल पदक होते; ते या कारणाने वगळले.

बसवणी

कातड्याच्या मागून, स्टडच्या ओळीखाली, सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीची पातळ कातडी पट्टी रबरी सोल्युशनने चिकटवली. तिचे काम रिव्हेटच्या मागच्या टोपीला बसायला घट्ट जागा देणे आणि गोलाईवरचा ताण वाटून घेणे. भोक दांडीच्या मापाचे, तीन मिलिमीटरचे, धारदार पंचाने एका फटक्यात पाडले. आरीने टोचून भोक मोठे करत नेण्याची सवय पुष्कळांना असते, पण त्याने कातडे फाकते आणि पावसाचे पाणी त्या फाकलेल्या कडेने आत जाते.

दोन्ही थर मिळून साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जाडी झाली होती. दांडी मागे साधारण तीन मिलिमीटर वर राहावी लागते, म्हणून साडेसहा मिलिमीटर दांडीचे रिव्हेट वापरले. दांडी तोकडी असेल तर मागची टोपी धरत नाही आणि थरथरीने सुटते. फार लांब असेल तर फुलण्याऐवजी आतल्या आत वाकते आणि वरची टोपी तिरकी बसते. ऐरणीवर घुमटीच्या आकाराचा खोलगट ठप्पा ठेवून त्यात वरची टोपी उलटी ठेवायची आणि मागून ठोकायचे, म्हणजे घुमटी चेपत नाही. फटका एवढाच द्यायचा की टोपीची कड कातड्यात किंचित रुतावी. रुतलेल्या कडेखाली धागा जात नाही. प्रत्येक ओळ झाल्यावर जॉर्जेटचा एक जुना तुकडा सगळ्या टोप्यांवरून चारही दिशांनी ओढून पाहिला आणि जिथे तो जरासा जरी अडखळला तो रिव्हेट कापून काढून नवा बसवला.

मागच्या टोप्या उघड्या ठेवल्या तर आतून फोम घासला जातो, कारण मागचा माणूस रेलला की फोम आणि पट्टी एकमेकांवर सरकतात. त्यावर कापडी अस्तर चिकटवले. मागच्या बाजूला टोप्या प्लायवर टेकून उंचवटे दिसू नयेत म्हणून कातडे आणि प्लाय यांच्यामध्ये तीन मिलिमीटरचा ईव्हीए शीट, म्हणजे रबरासारखा मऊ फोमचा पत्रा, घातला. तो पाणी शोषत नाही आणि टोप्यांना रुतायला जागा देतो.

बेस आयएस ७१० या भारतीय मानकाच्या, पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा नवा कापला, त्याच्या कडांना आणि बोल्टच्या भोकांना आतून रंग पाजला. फोमला पातळ प्लॅस्टिकचे आवरण घातले, मात्र खालची बाजू उघडी ठेवली आणि बेसच्या खालच्या काठाशी दोन निचऱ्याची भोके पाडली. पाणी आत जाऊच नये असा प्रयत्न करायचा, पण गेलेच तर ते खाली उतरून बाहेर पडले पाहिजे. सगळीकडून बंद केलेला बॅकरेस्ट कोकणात दमट हवेतल्या बाष्पानेच आतून ओला होतो. स्टेपल स्टेनलेसचे वापरले. एकूण खर्चात ६६ रिव्हेटांची किंमत अगदी थोडी होती. पैसे गेले ते कातडे, प्लाय आणि मजुरी यांच्यात, आणि जे दिसत नाही त्या कामाचेच बिल मोठे असते हे ग्राहकाला आधीच सांगून ठेवलेले बरे असते.

पुढच्या पावसाळ्यानंतर

ही गाडी पुढचा पूर्ण पावसाळा रत्नागिरीत आणि आंबा घाटातून कोल्हापूरच्या वाटेवर चालली. दिवाळीच्या सुमारास ग्राहक ती घेऊन आले तेव्हा मी कव्हर खालच्या बाजूने अर्धे उघडून पाहिले. फोम कोरडा होता. प्लायचा काठ फुगलेला नव्हता. एकही रिव्हेट सुटला नव्हता आणि माथ्याच्या गोलाईवर भोके लांबलेली दिसली नाहीत. मागच्या बाजूच्या खालच्या दोन्ही टोकांना, जिथे चाकाचा चिखल उडतो, तिथे टोप्यांच्या कडेने माती साचून निकेलची चमक मंद झाली होती. डाव्या बाजूच्या एका टोपीवर मुलाम्याखालचे पितळ ठिपक्याएवढे दिसू लागले होते. कातड्यावर आतून काही नव्हते, बाहेरून खालच्या काठाला पांढरट बुरशीची पुसट रेघ होती, ती कोरड्या फडक्याने निघाली. समुद्राकाठच्या रस्त्यावरून आल्यावर बॅकरेस्टवर साधे गोडे पाणी मारून पुसून घ्यावे आणि पॉलिश टोप्यांच्या भोवती साचू देऊ नये, एवढेच मी सांगितले. पॉलिशचा राहिलेला गाळ ओल धरतो.

आईंचा दंड आता रेक्झिनला टेकतो आणि हात परत बसवलेल्या हातपकडीवर असतो. ओढणी एकदाही अडकली नाही, असे पत्नीने सांगितले.

ग्राहकांना आता तशाच स्टडच्या ओळी दोन्ही बाजूंच्या पिशव्यांवर हव्या आहेत. तिथे विचार वेगळा करावा लागेल. पिशवीवर कोणी रेलत नाही, कातडे ताणलेले नसते आणि आत फोम नाही, म्हणून तिथे पितळेचे पायवाले स्टडही चालतील. पण डावी पिशवी एका बाजूला बसणाऱ्या बाईच्या पायांच्या लगेच मागे येते, आणि साडी गार्ड जागेवर ठेवून ती पिशवी किती मागे सरकवता येईल, हे आईंना पुन्हा गाडीवर बसवून मोजल्याखेरीज तिच्या वरच्या कडेची आखणी करता येणार नाही.